'स्मृतिचित्रे' आणि सेवेच्या प्रेरणेचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर मराठी समीक्षकांनी भरभरून लिहिले आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या आणि शेवटचा भाग लेखिकेच्या मृत्यूनंतर आलेल्या या आत्मचरित्राची भाषा साधी आहे, विनोद निर्मळ आहे, माणसे जिवंत आहेत, हे आपण शाळेच्या बाकावर असल्यापासून ऐकत आलो. यात खोटे काही नाही. पण ब्राह्मण घरातून निघून नगरच्या मिशनमध्ये आलेले हे जोडपे ज्यांच्यामध्ये राहिले, ज्यांच्यासाठी झिजले, ती माणसे कोण होती आणि या झिजण्यामागची प्रेरणा कोणती होती, हा प्रश्न या कौतुकात क्वचितच विचारला गेला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. त्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्येने आले ते महार, आणि त्यांच्याबरोबर मांग. म्हणजे 'स्मृतिचित्रे'चा उत्तरार्ध ज्या समाजात घडतो तो आमचा समाज आहे. तरीही या पुस्तकाकडे आमच्या बाजूने पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

मी त्याच जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणतात) एका गावची. घराण्यातली पहिली पदवीधर. आजोबांचे थोरले भाऊ ख्रिस्ती झाले, आजोबा १९५६ नंतर बौद्ध झाले. दोन घरांच्या मधे एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे बुद्ध आणि बाबासाहेब, पलीकडे क्रूस आणि बाबासाहेब. हे पुस्तक मी महाविद्यालयात शिकवते. दोन वर्षांपूर्वी शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, टिळकांनी आपल्या लोकांची केली ती सेवा. मग आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या गावाची केली, तिला काय म्हणायचं?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. तास संपला तरी मी त्याला उत्तर देऊ शकले नव्हते. हा लेख त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

'सेवा' हा शब्द सवर्ण वाचकाला पवित्र वाटतो. आम्हाला तो तसा वाटू शकत नाही. वरच्या वर्णांची सेवा हे शूद्राचे कर्तव्य ठरवणारी स्मृती याच देशात प्रमाण मानली गेली. मेलेले ढोर ओढणे, सांगावा घेऊन धावणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळणे, ही कामे वतनाच्या नावाखाली महाराच्या माथी मारली गेली आणि ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. जिला नकार देता येत नाही ती सेवा नव्हे, ती वेठ. हा भेद एकदा मनात पक्का झाला की ख्रिस्ती सेवेची परीक्षा करायला एक निकष हाती येतो. सेवा करणारा ती सोडू शकत होता काय? आणि सेवा घेणारा ती नाकारू शकत होता काय? पहिला प्रश्न सगळे विचारतात, कारण त्यातून त्यागाची थोरवी मोजता येते. दुसरा कोणी विचारत नाही.

लक्ष्मीबाईंचा प्रवास कोठून सुरू होतो ते लक्षात घ्यावे. त्यांच्या वडिलांना सोवळ्याने इतके पछाडले होते की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. या सोवळ्याची मुळे १८५७ मध्ये फाशी गेलेल्या सासऱ्याच्या मृत्यूत आहेत, असे पुस्तकाच्या आरंभीच कळते. त्या घरातल्या बायकामुलांनी जे सोसले ते लक्ष्मीबाई हसत सांगतात, पण वाचताना अंगावर काटा येतो. अस्पृश्यतेचा जाच स्पृश्यांच्या चुलीपर्यंत कसा पोहोचतो याचे इतके थेट चित्र मराठीत दुसरे सहज सापडणार नाही. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पतीजवळ परत आल्यावरही त्यांची चूल आणि त्यांचे पाणी वेगळे होते. मग हळूहळू, स्वतःशी भांडत, जाती देवाने केलेल्या नाहीत या निष्कर्षाला त्या स्वतःच्या बुद्धीने आल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मीबाईंनी आधी आमच्या हातचे पाणी घेतले आणि मग त्या सेवेला लागल्या. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या तोंडात औषध घालणे सोपे असते; देणारा वरच राहतो. त्याच्या हातचे घेणे अवघड. नगरात प्लेग आला तेव्हा हे जोडपे रोग्यांच्या शुश्रूषेला गेले. हा प्रसंग वाचताना मला त्यात उपकाराचा सूर ऐकू येत नाही तो याच कारणाने. लक्ष्मीबाई आपली भीती लपवत नाहीत, आपली चीड आणि चुका लपवत नाहीत. आपण पुण्य करतो आहोत असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कोठे दिसत नाही.

टिळकांचे तसे नाही. टिळक मोठे कवी आणि मोठ्या मनाचे होते, हे मान्य. त्यांच्या हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसे. कोणी गरजू भेटला की तो त्याचा झाला. हे प्रसंग आपण वर्गात हसत वाचतो. पण त्या दिवशी चूल कशी पेटली हे टिळकांनी पाहिले नाही, लक्ष्मीबाईंनी पाहिले. एकाचे औदार्य आणि त्याची किंमत दुसरीच्या डब्यातल्या पिठातून! चळवळीत आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्यांच्या घरच्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सेवेची प्रेरणा शुद्ध आहे काय हे विचारताना तिचे बिल कोणाच्या नावावर फाटते हेही विचारले पाहिजे. मात्र टिळकांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांनाही तेथे जागा होती. सेवेच्या मागे माणसे मोजण्याचा हिशोब नको, हे त्यांना आयुष्याच्या शेवटी का होईना दिसले होते.

आता ख्रिस्ती शास्त्राकडेच वळू, कारण एखाद्या परंपरेला तिच्याच ग्रंथाने तपासणे न्याय्य ठरेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचा दृष्टांत आहे. भुकेल्याला ज्यांनी अन्न दिले, कैद्याला जे भेटायला गेले, त्यांना प्रभू सांगतो की ते तुम्ही मलाच केले. धर्मोपदेशक येथे थांबतात आणि म्हणतात, दीनात देव पहा. पण दृष्टांत नीट वाचला तर दिसते की त्या नीतिमानांना हे ठाऊकच नव्हते. ते चकित होऊन विचारतात, हे आम्ही तुझ्यासाठी कधी केले? त्यांनी भुकेल्यात देव पाहिला नव्हता, भुकेला पाहिला होता. ज्याला आधीपासून ठाऊक आहे की हा भुकेला म्हणजे देवच, तो भुकेल्याला जेवू घालत नाही. देवाकडे ठेव ठेवतो. माणूस हा कोणाच्याही मोक्षाची पायरी होऊ शकत नाही, देवाच्या नावानेसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट चांगल्या शोमरोन्याची. लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाजवळून याजक जातो, लेवी जातो, थांबतो तो शोमरोनी. यहुद्यांच्या लेखी शोमरोनी बाटलेला, संबंध न ठेवण्याजोगा. म्हणजे या गोष्टीत सेवा करणारा बहिष्कृत आहे आणि रस्त्यावर पडलेला प्रतिष्ठित समाजातला. आमच्याकडे मिशनने ही गोष्ट उलटी करून सांगितली. येथे थांबणारा नेहमी साहेब, किंवा साहेबाच्या शेजारी बसलेला उच्चवर्णीय ख्रिस्ती. आणि रस्त्यात पडलेला नेहमी महार. आमच्यातला कोणी शोमरोनी असेल, त्याच्याजवळही तेल आणि द्राक्षारस असेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरिताच्या स्थितीवर जे निबंध लिहिले ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात आले. चर्चमध्ये जात तशीच राहिली, उच्चवर्णीयांना शिकवले की धर्म खाली झिरपेल या आशेवर मिशनऱ्यांनी श्रम खर्च केले, आणि धर्मांतरिताच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध ते उभे राहिले नाहीत, ही त्यांची तक्रार आहे. या तक्रारीच्या गाभ्याशी प्रेरणेचाच प्रश्न आहे. आत्मा वाचवायचा असेल तर माणूस महारवाड्यात राहिला तरी चालते. माणूस वाचवायचा असेल तर महारवाडाच मोडावा लागतो. राज्यानेही पुढे हेच केले. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. आमच्या मधल्या भिंतीची जाडी आम्हाला या कायद्याने कळली.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगते. पाचवी ते दहावी मी एका ख्रिस्ती बोर्डिंगात होते. परदेशातल्या कोणा दात्याच्या पैशातून माझा खर्च चाले. वर्षातून दोनदा फळ्यावर मजकूर लिहिला जाई आणि आम्ही तो उतरवून काढत असू: मी आनंदात आहे, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. एकदा मी खाली स्वतःचे एक वाक्य जोडले की रात्री पांघरूण पुरत नाही. ते पत्र फाडले गेले आणि मला दुसरे लिहावे लागले. तेथेच शिकले म्हणून मी आज हे लिहिते आहे. कृतघ्न व्हायचे नाही. पण मला हवे होते ते पांघरूण आणि त्यांना हवा होता तो माझा आनंद. त्याच बोर्डिंगात स्वयंपाकाला एक मावशी होत्या, आमच्यापैकीच, ख्रिस्ती. त्या रात्री त्यांनी आपली गोधडी मला आणून दिली आणि म्हणाल्या, "गप झोप." दात्याचे नाव मला आठवत नाही. मावशींनी देवाचे नाव घेतल्याचे मला आठवत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला या ठिकाणी महत्त्वाचे वाटते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या, तेव्हा त्यांना भूक म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायचे नव्हते. केडगावच्या मुक्तीमध्ये त्या मुलींनी शेती केली, छापखाना चालवला. रमाबाईंवर धर्मप्रसाराचा आरोप झाला आणि १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. त्या आरोपात तथ्य किती हा वाद वेगळा. मला एवढेच दिसते की भुकेल्याने भुकेल्याला ओळखले. त्याच १८९७ साली सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्यापुढे कोणता स्वर्ग नव्हता.

आता हे सगळे दुसऱ्यांविषयी बोलून झाले. आमचे काय? आम्ही पगारदार झालो, शहरात घरे झाली. बाबासाहेबांचे ऋण फेडायचे म्हणून वस्तीत वह्या वाटतो आणि वाटतानाचे फोटो काढतो. जयंतीच्या फलकावर आपले तोंड किती मोठे आले ते पाहतो. मी रविवारी वस्तीत शिकवणी घेते. मागच्या वर्षी एक मुलगी यायची बंद झाली तेव्हा मला राग आला की हिला किंमत नाही. घरी येऊन विचार केला: किंमत कशाची नाही? माझ्या सेवेची? म्हणजे फळ्यावरचा मजकूर मीही लिहू लागले होते. त्या मुलीला नाकारता आले, ही चांगलीच गोष्ट झाली. मग मी तिच्या घरी गेले. तिची आई धुणीभांडी करायला जाते, रविवारी धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नसते. आता भाऊही शिकवणीला येतो आणि गोंधळ घालतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी आज असे सांगेन: आपल्या लोकांनी केली ती वेठ होती. टिळकांनी केली ती सेवा होती, पण त्यांनी कोणाच्या हातचे काय घेतले हे पाहिल्याशिवाय ती पुरी समजत नाही. आणि त्या काळात आपल्या लोकांनी एकमेकांची जी केली ती कोणी लिहून ठेवलेली नाही. नगरच्या मंडळ्यांमधल्या महार-मांग बायकांनी प्लेगात, दुष्काळात काय केले हे 'स्मृतिचित्रे'त शोधून पुरेसे मिळत नाही. लक्ष्मीबाईंकडून ती अपेक्षा करणेही बरोबर नाही. ते काम आमचे आहे. ज्यांच्या घरात भिंतीच्या पलीकडे क्रूस आहे अशा वाचकांनी आपल्या आज्यांना बोलते करावे आणि ते लिहून पाठवावे. माझ्या थोरल्या आजोबांची सून पंच्याऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे वही घेऊन बसणार आहे.