'व्हर्श'ची क्रियापदे : एक परीक्षण

एका यजमान संगणकावर अनेक आभासी संगणक नांदविण्याची विद्या आता विद्यापीठीय प्रयोगशाळांतही रुळली आहे. आज्ञापंक्तीतून त्यांचा कारभार पाहणाऱ्या साधनांचे परीक्षण बहुधा वेग व सोय या दोनच अंगांनी केले जाते. त्यांच्या भाषेचा विचार सहसा होत नाही. २००५ साली आरंभ झालेल्या 'लिबव्हर्ट' या संचातील 'व्हर्श' हे साधन त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

येथे प्रथम खटकतो तो शब्दांच्या तीव्रतेचा विपर्यास. 'डिस्ट्रॉय' म्हणजे नाश. परंतु ही आज्ञा आभासी संगणकाचा नाश करीत नाही. वीज तोडावी त्याप्रमाणे ती त्यास तत्क्षणी थांबविते. डिस्कवर न उतरलेली माहिती गमावण्याचा धोका असतो, एवढेच. उलट 'अनडिफाइन' हा शब्द सौम्य दिसतो. पण तो यंत्राची नोंदच पुसतो, आणि त्यास 'रिमूव्ह-ऑल-स्टोरेज' ही पुस्ती जोडली तर डिस्कवरील साठाही जातो. 'शटडाउन' तर आज्ञा नसून विनंती होय. आतील प्रणालीने ती मानली नाही तर यंत्र चालूच राहते.

हे शब्द निष्काळजीपणे योजले, असा निष्कर्ष मात्र उतावीळ ठरेल. 'डिफाइन-अनडिफाइन' ही जोडी नोंदीविषयी बोलते, 'क्रिएट-डिस्ट्रॉय' ही चालू अस्तित्वाविषयी. नाटकाची संहिता व प्रयोग यांतील हा भेद आहे. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात प्रयोग मध्येच थांबला, म्हणून शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ची संहिता नाहीशी होत नाही. 'क्रिएट'ने नव्याने उभे केलेले यंत्र मात्र संहितेवाचून केलेल्या प्रयोगासारखे असते. ते थांबताच त्याची नोंद उरत नाही. साठ्यांबाबतही हाच न्याय लागू आहे. 'पूल-डिस्ट्रॉय' साठा केवळ बंद करते. 'पूल-डिलीट' त्याखालील संसाधनेच नष्ट करते. कारभार पाहणारी 'लिबव्हर्टडी' ही सेवा पुन्हा सुरू केली, तरी चालू यंत्रे थांबत नाहीत, हेही याच भेदाला धरून आहे.

व्यवस्था सुसंगत आहे. दोष इतकाच, की ती शब्दांवरून उमगत नाही. परिणामी नवशिका व्यवस्थापक अडकलेले यंत्र थांबविण्यास कचरतो, किंवा निर्धास्तपणे नोंद व साठा दोन्ही गमावून बसतो.

या संचातील संदेशांच्या मराठी भाषांतराचे कामही झाले आहे. आज्ञांची नावे मात्र इंग्रजीच राहणार, कारण त्यांवर अनेकांच्या आज्ञावल्या विसंबून असतात. साहजिकच अर्थ स्पष्ट करण्याचा भार संदेशावर येतो. 'डिस्ट्रॉय'नंतर 'यंत्र नष्ट केले' असे लिहिणे कोशाच्या दृष्टीने निर्दोष, पण वस्तुतः असत्य होय. 'तत्काळ बंद केले' हेच यथार्थ. आपल्या प्रयोगपुस्तिकांतही प्रत्येक आज्ञेपुढे काय थांबते, काय पुसले जाते आणि काय उरते, एवढे मराठीत नोंदविले जावे. इंग्रजी नावे न बदलताही हा दोष बराचसा दूर करता येईल.