चौकट नाकारणारी भिंत

नवी मुंबईत भिंती रंगवणं हे आता महापालिकेचं काम झालंय. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की रस्त्याकडेच्या भिंतींवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर फ्लेमिंगो उगवतात. दिसतात छान. पण ग्राफिटी म्हणजे परवानगी न मागता बोलणं असेल, तर ही ग्राफिटी नव्हे. फार तर रंगीत परिपत्रक.

भिंतीवरून निघून कॉमिक्सच्या पानावर पोचलेली, आणि पोचल्यावरही भिंतच राहिलेली चित्रं मला सापडली ती 'भीमायन'मध्ये. नवयाना या छोट्या स्वतंत्र प्रकाशनाने २०११ साली काढलेलं हे बाबासाहेबांवरचं ग्राफिक नॉव्हेल. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. दोघं मध्य प्रदेशातले परधान गोंड. लग्नाला, सणाला घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर डिग्ना काढायचा, ही त्यांच्याकडच्या बायकांची जुनी कला. दुर्गाबाईंचा हात तिथेच तयार झाला.

अमर चित्रकथेवर वाढलेल्या माझ्यासारख्याला पहिला धक्का बसतो तो चौकटी नसण्याचा. माणसांना डब्यात कोंडायला व्यामांनी सरळ नकार दिला. त्याऐवजी डिग्नाच्या नक्षीचे पट्टे पानभर वळत जातात आणि प्रसंग वेगळे करतात. नजर डावीकडून उजवीकडे जात नाही, भटकते. फोनवर पीडीएफ झूम करून वाचणाऱ्यांचे हाल होतात, पुस्तकच हातात घ्यावं लागतं.

खरी कमाल पाण्याची आहे. १९०१ साली लहानगा भीम वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघतो, मसूर स्टेशनवर अडकतो आणि रात्रभर पाण्याविना राहतो. आगगाडी इथे साप होते, तहानलेल्या भीमचं अंग मासा होतं. पुढे १९२७ च्या महाडमध्ये भाषणाचे लाउडस्पीकर गर्दीवर पाणी शिंपडतात. 'भाषणाने लोक भारावले' हे आपण शंभरदा वाचलंय. इथे ते भिजतात.

जमत नाही ते चौकटकथेत. बसस्टॉपवर एकजण आरक्षणावर कुरकुरतो आणि त्याला उत्तर म्हणून बाबासाहेबांची गोष्ट सांगितली जाते. हे संवाद वादविवाद स्पर्धेतल्यासारखे वाटतात. वर्तमानपत्रांची कात्रणं अंगावर येतात ती वेगळ्या कारणाने: खैरलांजी २००६ ची आहे, १९०१ ची नाही. ती पानं शब्दांनी गच्च भरलीत. चित्रांवर एवढा विश्वास टाकल्यावर तिथेच तो का डळमळावा?

दुसरी अडचण मला जास्त छळते. या पुस्तकात बोलण्याच्या फुग्यांनाही स्वभाव आहे. मवाळ बोलणाऱ्यांचा फुगा पक्ष्यासारखा, विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. कल्पना इतकी नेमकी आहे की पुन्हा साधा गोल फुगा बघवत नाही. पण मसूरचा स्टेशनमास्तर आठवा. नीटनेटक्या कपड्यांतल्या मुलांशी तो आधी मायेनेच बोलतो. मुलं महार आहेत हे कळताच चेहरा बदलतो. म्हणजे नांगी आधीपासून होतीच, फक्त दिसत नव्हती.

महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत तर ती बहुतेकदा दिसतच नाही. कँटीनमध्ये 'मेरिट'वर बोलणारे आवाज चढवत नाहीत. 'तू तसा नाहीयेस रे' हे वाक्य चहा पुढे सरकवत, अगदी प्रेमाने म्हटलं जातं. दुर्गाबाईंनी ते काढायला घेतलं असतं तर कुठला फुगा दिला असता? पक्षी काढून, पिसांत कुठेतरी नांगी ठेवून?