फादर स्टीफन्स यांनी न बदललेले शब्द

चाकणला आमच्याकडे ओवी शोधत जावं लागत नाही. आळंदी हाकेवर. सप्ताह बसला की ज्ञानेश्वरीचं पारायण लाउडस्पीकरवरून फर्स्ट शिफ्टच्या बसपर्यंत पोचतं. त्यामुळे 'क्रिस्तपुराण' वाचताना छंद ओळखीचाच वाटला.

या ग्रंथावर लिहिणारे बहुतेक जण एका इंग्रजाने इतकं गोड मराठी लिहिलं, या नवलापाशीच थांबतात. नवल आहेच. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले ते १६१९ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. १६१६ मध्ये राचोलला त्यांचं जवळपास अकरा हजार ओव्यांचं पुराण छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पण पाहुण्याच्या मराठीला टाळ्या वाजवून झाल्यावर पुढे वाचायचं की नाही?

मी अडखळतो ते त्यांनी भाषांतर न केलेल्या शब्दांशी. स्वर्गाला ते खुशाल 'वैकुंठ' म्हणतात. सांगणारा पाद्री गुरू, श्रोते शंका विचारणारे, ही सगळी आपल्या पुराणाचीच बैठक. आणि मध्येच 'इग्रेज', 'बाप्तिस्म' असे पोर्तुगीज शब्द येतात. ज्यांना वैकुंठ चालतं त्यांना चर्चसाठी देऊळ का चालू नये? शब्द सुचला नाही हे मला पटत नाही. साष्टीतली देवळं १५६७ पासून पाडली जात होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं, आणि त्यांचे मृतदेह मिळवून पुरण्याचं काम स्टीफन्स यांच्याच वाट्याला आलं. अशा गावात देऊळ हा शब्द उसना घेण्याजोगा राहिला नसणार, असं मला वाटतं. वैकुंठ कुणी पाडलेलं नव्हतं.

ग्रंथाच्या सुरुवातीला एक बाटलेला ब्राह्मण फादरना म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काहीतरी द्या. अख्ख्या ग्रंथात मला सगळ्यात जास्त लागलेली जागा ही. ज्याने वाचन काढून घेतलं त्याच्याकडेच वाचायला मागायचं! आणि देणारा मन लावून देतो, अनेक वर्षं शिकलेल्या भाषेत. भाषेवरचं त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, म्हणूनच ही जागा जड जाते. आमच्या पट्ट्यात रोज कुणी ना कुणी मराठी शिकत असतो, बिहारचा ऑपरेटर, कोरियन मॅनेजर. 'चालेल' म्हणता आलं की आम्ही खूश. कोण कुणाच्या वतीने शिकतोय, हे आम्ही विचारत नाही.

पुढे १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधलं मार्सडेन संग्रहातलं देवनागरी हस्तलिखित उजेडात आणलं. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. अ‍ॅबट यांना तेच मूळ वाटलं. सगळे अभ्यासक तसं मानत नाहीत. मला त्यात कुणीतरी घर आवरल्यासारखं वाटतं.

वाचायचंच असेल तर शांताराम बंडेलू यांची १९५६ची देवनागरी आवृत्ती शोधा. मोठ्याने वाचा, आणि पोर्तुगीज शब्दापाशी आवाज कुठे अडखळतो ते ऐका.