‘राग दरबारी’ : हसणारा कुठे उभा आहे?

श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ या हिंदी कादंबरीची जुनी प्रत मला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली. आधीच्या मालकाने ती पेन्सिल घेऊन वाचलेली. वैद्यजींचे डावपेच, छंगामल कॉलेजातले मास्तर, नकलेसाठी तहसिलीत खेटे घालणारा लंगड, यांच्यावर पानोपानी खुणा आहेत. समासात ‘अगदी खरे!’ असे शेरे आहेत. मात्र चमरहीचे, म्हणजे शिवपालगंजातल्या चर्मकारवस्तीचे, वर्णन येते तिथे एकही खूण नाही. मसुऱ्याच्या आमच्या बौद्धवाडीत बसून वाचताना मी नेमका तिथेच थांबलो.

१९६८ साली आलेल्या आणि १९६९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या या कादंबरीचे मोठेपण मी नाकारत नाही. पंचायत, सहकारी संस्था आणि कॉलेज एकाच बैठकीतून कसे चालवले जातात हे तिने उघडे केले. आमच्याच मुलखातल्या जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये (१९६४) गावाविषयी माया आहे. शुक्ल ती मायाही ठेवत नाहीत, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

पण हे सांगणारे शुक्ल पहिले नव्हेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या अज्ञानावर आणि संकुचितपणावर बोट ठेवले, तेव्हा अनेक सभासद दुखावले. वीस वर्षांनी तेच विनोदाच्या अंगाने आले आणि त्याचे कौतुक झाले. असे का व्हावे?

जमीनदारी गेल्यावर चमरहीतली माणसे वरच्या जातीचा कोणी जाताना खाटेवरून उठेनाशी झाली. गाव आणि चमरही यांच्यामध्ये गांधीजींच्या नावाने बांधलेला चबुतरा कुत्र्यांना ऊन खाण्यापुरता उरला. उपहास जळजळीत आहे. पण माझे आजोबा वरच्या वाडीतून जाताना वहाणा हातात घेत. कोकणातली खोती नष्ट व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले; कायदा झाला १९४९ मध्ये. वहाणा पायांत यायला त्यानंतरही वर्षे लागली. खाटेवरून न उठण्याची किंमत काय असते, हे म्हणून मला ठाऊक आहे. शुक्ल ते दृश्य रस्त्यावरून पाहतात. बसून राहिलेल्याच्या छातीतली धडधड त्यांच्या कानी पडत नाही.

अखेरीस रंगनाथ गाव सोडतो आणि लेखक बुद्धिजीवींच्या पलायनाची टर उडवतो. रंगनाथपुरती ती योग्यच आहे. तो मामाच्या घरी प्रकृती सुधारायला आलेला पाहुणा. पण गाव सोडणे हे प्रत्येकाचे पलायन असते काय? खेडी सोडा, असे बाबासाहेब सांगत होते ते माणूस म्हणून जगता यावे यासाठी. माझे वडील गिरणीत गेले म्हणून आमच्या घरात मी पहिला पदवीधर झालो. त्या जाण्याला या कादंबरीत शब्द नाही.

तरीही ती आपल्या मुलांनी वाचावी. माझी प्रत मी वर्गात फिरवणार आहे. चमरहीच्या पानावर आता पेन्सिलीची खूण आहे, आणि समासात एवढेच लिहिले आहे : ‘इथे मला हसू आले नाही.’