पाठांतर आणि आकलन : एका संज्ञेची चिकित्सा

आशियातील उच्च शिक्षणाच्या चर्चेत 'पाठांतर' हा शब्द बहुधा दोषदर्शक म्हणूनच योजिला जातो. या समजुतीची ज्यांनी कसून तपासणी केली, त्यांत डेव्हिड वॉटकिन्स व जॉन बिग्ज यांनी संपादिलेला 'द चायनीज लर्नर' (१९९६) हा ग्रंथ महत्त्वाचा होय.

ग्रंथाची पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. फेरेन्स मार्टन व रॉजर सॅल्यो या स्वीडिश संशोधकांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांच्या वाचनाचे दोन प्रकार सांगितले : अर्थाचा शोध घेणारे ते सखोल, केवळ शब्द ध्यानात ठेवू पाहणारे ते वरवरचे. या विभागणीत पाठांतर साहजिकच दुसऱ्या बाजूस पडले. परंतु हाँगकाँगचे जे विद्यार्थी घोकंपट्टी करणारे म्हणून ओळखले जात, तेच प्रश्नावल्यांतून सखोल अध्ययनाकडे झुकलेले दिसू लागले. या विरोधाभासाचा उलगडा मार्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रस्तुत ग्रंथात केला आहे. यांत्रिक पाठांतर निराळे आणि समजण्यासाठी केलेले किंवा समजल्यानंतर केलेले पाठांतर निराळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष मोलाचा खरा. तथापि विरोधाभासाचा काही अंश संशोधकांच्या शब्दसंग्रहातूनच निर्माण झाला असावा, असे म्हणणे प्राप्त आहे. मराठीत 'घोकणे' व 'मुखोद्गत असणे' यांत निंदा आणि गौरव यांचे अंतर आहे. अभंग मुखोद्गत असणाऱ्या वारकऱ्यास घोकंपट्टी करणारा कोणी म्हणत नाही. जी प्रश्नावली या दोन्ही क्रिया एकाच क्रियापदात कोंबते, तिला त्यांतील भेद दिसणार कसा?

ग्रंथाचे शीर्षकही चिकित्सेस पात्र आहे. त्यातील एकवचन एका विशाल समाजास एकच मन बहाल करते. जुन्या तुच्छतेच्या जागी नवा आदर आला, तरी साचा साचाच राहतो.

याहून गंभीर प्रश्न माध्यमाचा आहे. हाँगकाँग विद्यापीठात अध्यापनाची भाषा इंग्रजी आहे. परक्या भाषेत स्वतःचे वाक्य रचता येत नाही, म्हणून विद्यार्थी पुस्तकातील वाक्य पाठ करतो. अशा पाठांतराचा खुलासा संस्कृतीने होत नाही आणि आकलनाच्या अभावानेही होत नाही. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याची स्थितीही हीच असू शकते. उत्तरपत्रिकेत मात्र त्याचे वाक्य आणि न समजता घोकणाऱ्याचे वाक्य एकसारखेच उमटते. परीक्षक दोघांनाही एकच गुण देतो आणि दोघांविषयी एकच मत बनवितो.

म्हणून अध्यापनविषयक संशोधनाने 'विद्यार्थी पाठ करतो काय?' एवढ्यावर न थांबता, तोच आशय तो स्वभाषेत सांगू शकतो काय, हेही तपासले पाहिजे. ही कसोटी साधी आहे. तीवाचून आकलनाविषयी दिलेला कोणताही निर्णय अपुराच राहील.