शब्दकुलाची कल्पना आणि परीक्षार्थी

ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' आयेल्ट्ससारख्या परीक्षांस बसणाऱ्यांच्या नित्य पाठांतराचा विषय झाली आहे. सुमारे ३५ लाख शब्दांच्या विद्याविषयक लेखनसंग्रहातून, नित्यव्यवहारातील शब्द वगळून, तीत ५७० शब्दकुले निवडली आहेत. त्या संग्रहातील सुमारे १० टक्के शब्द या कुलांतील आहेत. कथात्मक वाङ्मयात हे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी भरते. गणना म्हणून सूचीची योग्यता यावरून स्पष्ट होते.

शंका येते ती 'कुल' या कल्पनेविषयी. 'कन्सिस्ट' म्हणजे घटकांनी बनलेले असणे, 'कन्सिस्टंट' म्हणजे सुसंगत. तरीही दोन्ही येथे एकाच कुलात मोडतात. मूळ एक असले, तरी एकाच्या ज्ञानाने दुसऱ्याचे ज्ञान होत नाही. 'व्हॉल्यूम' हा साहित्याच्या अभ्यासकास ग्रंथाचा खंड, तर रसायनाच्या अभ्यासकास घनफळ होय. हायलंड व त्से यांनी २००७ साली अशाच विषयपरत्वे होणाऱ्या भेदांवरून सर्व विषयांस समाईक शब्दसंग्रहाची कल्पनाच शंकास्पद ठरविली.

मराठी परीक्षार्थी प्रत्येक शब्दापुढे एकच प्रतिशब्द लिहून पाठ करतो, तेव्हा हा दोष दुणावतो. 'कन्सिस्ट'ला 'ऑफ' लागतो, 'कन्सिस्टंट'ला 'विथ', हे प्रतिशब्दातून कळत नाही. परीक्षेनंतर त्याला आपल्या विषयाचे ग्रंथच वाचावयाचे असतात. तेव्हा सूचीतील शब्द त्याने त्याच ग्रंथांतील वाक्यांसह टिपून ठेवावेत, हे अधिक श्रेयस्कर.