गाव कोणाला आठवतो? : ‘रथचक्र’च्या निमित्ताने

श्री. ना. पेंडसे यांना आपण ‘प्रादेशिक’ कादंबरीकार म्हणतो. विशेषण चुकीचे नाही, पण त्याने एक साधी गोष्ट झाकली जाते. दापोली तालुक्यातल्या मुर्डीत १९१३ साली जन्मलेले पेंडसे लहानपणीच मुंबईला गेले, तिथेच शिकले आणि ‘बेस्ट’मध्ये त्यांनी नोकरी केली. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) काय किंवा ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) काय, त्यांतले कोकण मुंबईकराने लिहिलेले आहे. आरवलीच्या जयवंत दळवींचेही तेच. ‘चक्र’मध्ये (१९६३) मुंबईची झोपडपट्टी रंगवल्यावर वर्षभरात त्यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ आले, ते गावाचे. म्हणजे आपल्या साहित्यातला कोकणचा गाव बराचसा शहरात राहणाऱ्या गाववाल्याच्या मनातला आहे.

हे मन कसे घडते ते मी थोडे पाहिले आहे. विशीत असताना परळच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीवर मी दोन वर्षे काढली. ज्याची पाळी संपेल त्याने वळकटी पसरायची, जेवण खाणावळीत, शनिवारी भजन आणि महिन्याला गावच्या मंडळाची वर्गणी. गावात असताना मला कधी गावाचा अभिमान वाटल्याचे आठवत नाही. तो त्या खोलीत वाटू लागला. मुंबईत आम्ही ‘कोकणातले’, गणपतीला घरी गेलो की ‘मुंबईकर’. आमचे गावपण गावाहून बांधून आणलेले नव्हते. ते बरेचसे शहरातच तयार झाले होते.

म्हणूनच ‘रथचक्र’ (१९६२) मला वेगळी वाटते. १९६३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीची चर्चा बहुधा नायिकेच्या सोशिकतेवर आणि शोकांतिकेवर थांबते. माझे लक्ष तिच्या गाव सोडण्याकडे जाते. नवरा परागंदा, एकत्र कुटुंबात जाच. अशी ही बाई मुलांनी शिकावे म्हणून तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करते. गाव सुटल्याचे दुःख हा तिचा विषयच नाही. तिच्या दृष्टीने गाव म्हणजे मागचे दार, सोवळेओवळे, दुसऱ्याच्या हातातले धान्याचे माप. गावाच्या आठवणीवर जगलेल्या लेखकाने गावातून सुटू पाहणारी बाई लिहिली, हे मला त्यांचे सर्वांत मोठे धाडस वाटते. इथे त्यांनी स्वतःच्याच हळवेपणाला बाजूला ठेवले.

हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. गेली पंचवीस वर्षे मी रत्नागिरी शहरात राहतो, तरी कोणी विचारले तर लांज्याकडच्या गावाचेच नाव सांगतो. एकदा आईजवळ म्हटले, “शहरात जीव रमत नाही गो.” ती म्हणाली, “तुला गाव आठवतो, कारण तू तिथं पाणी नाय भरलंस.” मी गप्प बसलो. ती उतारावरच्या विहिरीवरून चाळीस वर्षे पाणी आणत होती.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष नोकरीधंद्यासाठी मुंबईकडे जायचे, घर आणि शेत बायकांनी सांभाळायचे, या जुन्या रीतीची ती खूण आहे. गेलेल्यांनी गाव आठवला. त्यांतल्या काहींनी लिहिला. राहिलेल्यांनी तो चालवला, पण त्यांना लिहायला सवड मिळाली नाही.

शहरात राहून स्वतःला गावचा समजणे खोटे आहे असे मी म्हणत नाही; ते माझेही आहे. पण ‘प्रादेशिक’ म्हणून एखादी कादंबरी वाचताना त्यातला प्रदेश कोणाला आठवतो आहे आणि कोणाला त्यातून बाहेर पडायचे आहे, हे दोन्ही विचारायला हवे. ‘रथचक्र’ हा दुसरा प्रश्न विचारते. मला तो आईने विचारला, तेव्हा कुठे ही कादंबरी मी नीट वाचली.